माया ठेवून शिवलेलं सॉफ्टवेअर

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज मी कॉम्प्युटरवरच्या एका जुन्या सॉफ्टवेअरबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव ईमॅक्स. आता म्हणाल, ताई, आम्हाला कर्जाच्या हप्त्याचं सांगा, पापडाच्या बाजाराचं सांगा, हे काय मधेच? पण थोडं ऐका. गटांच्या बैठकांना जाते तेव्हा दोन वाक्यं माझ्या कानावर सारखी पडतात. एक, "ते आपल्याला जमायचं नाही, ते शिकलेल्यांचं काम आहे." आणि दुसरं, "वरून आलेला तक्ता असाच आहे, त्यात आपलं बसत नाही, पण बदलता येत नाही." या दोन्ही वाक्यांना ईमॅक्सच्या गोष्टीत उत्तर सापडतं. म्हणून आज ती सांगते.

आधी ईमॅक्स म्हणजे काय ते बघू. कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचा, खोडायचा, वरचा परिच्छेद खाली न्यायचा, एखादा शब्द सगळीकडे बदलायचा, यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. आपल्या भाषेत मजकुराची वही म्हणा. अशा वह्या पुष्कळ आहेत. ईमॅक्सचं वेगळेपण असं, की ती वही आपण आपल्या सोयीने वाढवू शकतो.

तुमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बायांना हे लगेच कळेल. ब्लाऊज शिवताना आपण आत माया ठेवतो. माया ठेवली असली की दोन वर्षांनी अंगात घट्ट व्हायला लागला तरी उसवून सैल करता येतो, टाकून द्यावा लागत नाही. बाजारातून स्वस्तातला तयार ब्लाऊज आणला तर पुष्कळदा आत माया नसतेच. बसला तर बसला, नाही तर गेला. कॉम्प्युटरवरची बहुतेक सॉफ्टवेअर अशी बिनमायेची असतात. कंपनीने जसं दिलं तसं वापरायचं. ईमॅक्स मात्र भरपूर माया ठेवून शिवलेलं आहे. एखादी कळ दाबल्यावर काय व्हावं, हे वापरणारा बदलू शकतो. रोज तेच ते काम करावं लागत असेल तर त्याच्यासाठी चार ओळींची सूचना लिहून ठेवायची, पुढच्या वेळी ते काम एका कळीत होतं. या सूचना लिस्प नावाच्या भाषेत लिहितात. मुख्य म्हणजे ईमॅक्सचा मोठा भाग त्याच लिस्पमध्ये लिहिलेला आहे. म्हणून बनवणाऱ्याने जी सुई-दोरा वापरला, तोच वापरणाऱ्याच्याही हातात येतो.

हे सुरू कसं झालं? अमेरिकेत एमआयटी नावाची मोठी तंत्रशिक्षण संस्था आहे. १९७० च्या दशकात तिथल्या प्रयोगशाळेत टेको नावाचा एडिटर वापरत. तो वापरायला किचकट. म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या सोयीच्या छोट्या छोट्या युक्त्या त्याला जोडल्या होत्या. झालं काय, की एकाच्या युक्त्या दुसऱ्याला कळेनात. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसलं की हात अडखळायचा. परक्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा सापडू नये तसं. तेव्हा काही सहकाऱ्यांनी या सगळ्या युक्त्या गोळा करून एकत्र लावायला घेतल्या आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ते काम तडीला नेलं. १९७६ मध्ये ईमॅक्स तयार झालं. म्हणजे ईमॅक्सचा जन्मच मुळी सगळ्यांच्या युक्त्यांच्या बेरजेतून झालेला आहे.

त्या वेळी स्टॉलमन यांनी एक अट घातली होती. ईमॅक्स हवं त्याने घ्यावं, पण त्यात काही सुधारणा केली तर ती परत आणून द्यावी, म्हणजे ती सगळ्यांना वाटता येईल. आपल्या गटाचाही हाच व्यवहार नाही का? गटातून कर्ज घेतलं की परतफेड होते, आणि त्याच पैशावर दुसरीचं काम होतं. इथे पैशाऐवजी युक्ती फिरत होती. आणि युक्तीचं बरं असं, की ती दुसरीला दिली तरी आपल्याकडची कमी होत नाही.

पुढे एक अडचण आली. १९८१ मध्ये जेम्स गॉसलिंग नावाच्या प्रोग्रॅमरने ईमॅक्ससारखाच दुसरा एडिटर लिहिला. सुरुवातीला तो लोकांत मोकळेपणाने फिरत होता. नंतर त्याचे विक्रीचे हक्क एका कंपनीकडे गेले. इकडे स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये नव्याने ईमॅक्स लिहायला घेतलं होतं आणि त्यात गॉसलिंगच्या कामातला काही भाग वापरला होता. कंपनीने हरकत घेतली. मग तो भाग काढून तेवढं सगळं पुन्हा लिहावं लागलं. नुसत्या भल्या मनाने वाटलेली वस्तू उद्या कुणीतरी कुंपण घालून बंद करू शकतो, हे यातून दिसलं. बायांनो, तोंडी व्यवहार आणि कागदावरचा व्यवहार यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून पुढे कागद झाला. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू नावाचा प्रकल्प जाहीर केला होता. १९८५ मध्ये त्याला आधार म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था निघाली. १९८९ मध्ये जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स नावाचा परवाना आला. त्याचा सार सोपा आहे. वापरणाऱ्याला चार मोकळिकी आहेत. पहिली, सॉफ्टवेअर हव्या त्या कामाला वापरायची. दुसरी, आत कसं चालतं ते बघायची आणि बदलायची. तिसरी, त्याची नक्कल दुसऱ्याला द्यायची. चौथी, आपण बदललेलं रूपही दुसऱ्याला द्यायची. आणि जोडीला एक बंधन. तुम्ही ते पुढे देताना घेणाऱ्याच्या या चार मोकळिकी काढून घ्यायच्या नाहीत. बियाणं शेजारणीला दिलं, तिने ते पुढे तिसरीला दिलं, पण मधल्या कुणी "आता हे फक्त माझं" म्हणायचं नाही, असा हा करार.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. इंग्रजीत "फ्री" या एकाच शब्दाचे फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ होतात, म्हणून तिकडे हे समजावून सांगताना फार घोळ होतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, आपला घोळ व्हायचं कारण नाही. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचे पैसे घ्यायला बंदी नाही. १९८५ मध्ये स्टॉलमन स्वतः ईमॅक्स भरलेली टेप १५० डॉलरला विकत आणि त्यावर स्वतःचं पोट भरत. पण ज्याने टेप घेतली त्याला ती चार जणांना उतरवून द्यायची पूर्ण मुभा होती.

आता मी खास तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या भागाकडे येते.

१९७८ मध्ये हनीवेल या कंपनीच्या केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेत बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स नावाच्या मोठ्या कॉम्प्युटरसाठी एक ईमॅक्स लिहिलं. लिस्पमध्ये लिहिलेलं, म्हणजे माया भरपूर. त्यांच्या ऑफिसात सेक्रेटरी होत्या. पत्रं टाईप करणं, कागद सांभाळणं, अहवाल नीट लावणं ही त्यांची कामं. त्या काळी तिकडे हे काम बहुतेक बायकाच करत. या सेक्रेटरी रोजच्या टायपिंगसाठी ईमॅक्स वापरायला लागल्या. कुणीतरी एक माहितीपुस्तिका लिहिली होती. त्यात, ईमॅक्समध्ये आपल्या सोयीची नवी कामं कशी घालायची ते दाखवलं होतं. मात्र याला प्रोग्रॅमिंग म्हणतात, हे त्या पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आपल्याला प्रोग्रॅमिंग येणार नाही अशी या बायांची पक्की समजूत होती. तो शब्द पहिल्या पानावर दिसला असता तर कदाचित त्यांनी पुस्तिका मिटली असती. पण तो शब्द दिसलाच नाही. त्यांनी वाचलं, करून बघितलं, आपलं काम सोपं होतंय हे पाहिलं, आणि पुढे जात राहिल्या. अशा रीतीने त्या प्रोग्रॅमिंग शिकल्या. स्टॉलमन यांनी २००२ मधल्या एका भाषणात ही हकीकत सांगितली आहे.

मैत्रिणींनो, मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. त्या बायांच्या डोक्यात काही कमी नव्हतं. त्यांच्या आणि त्या कामाच्या मधे एक भारदस्त शब्द उभा होता. तो बाजूला केला आणि वाट मोकळी झाली.

आता आपल्याकडे बघा. स्वेटर विणताना आपण काय म्हणतो? दोन सुलट, दोन उलट, अशा दहा ओळी, मग प्रत्येक ओळीला एक टाका कमी. ही सूचनांची यादी आहे. क्रमाने करायची, ठरलेल्या वेळा परत करायची, आणि अमुक झालं की थांबायचं. कॉम्प्युटरला सूचना लिहितात त्याही याच जातीच्या. ठिपक्यांची रांगोळी तशीच. गटातल्या मावशी शाळेत गेलेल्या नसतात, पण हजार रुपयांवर महिना दोन टक्क्याने पाच महिन्यांचं व्याज किती, ते शंभर रुपये म्हणून झटक्यात सांगतात. आणि मधे दोनशे रुपये मुद्दल परत आलं असेल तर पुढच्या महिन्यापासून व्याज वीसऐवजी सोळा रुपये, हेही सांगतात. त्याच मावशींना म्हणा, "या, तुम्हाला अकाउंटिंग शिकवते," तर त्या पदर सावरून म्हणतील, "मला नाही बाई येत." काम येतं, नावाची भीती वाटते.

म्हणून ज्या ताया गटांत शिकवायला जातात, सीआरपी असतील, लेखापाल असतील, त्यांना माझी विनंती आहे. नाव शेवटी सांगा. आधी काम हातात द्या. "आज आपण लेजर शिकणार" असं म्हणण्यापेक्षा "मागच्या महिन्यात कुणाकडे किती राहिलं ते एका पानावर मांडू या" म्हणा. मांडून झालं की सांगा, याला लेजर म्हणतात, आणि ते तुम्ही आत्ताच लिहिलंत.

ईमॅक्समध्ये शिकायची सोय कशी केली आहे, तेही बघण्यासारखं आहे. शिकण्याचा पाठ त्या सॉफ्टवेअरच्या पोटातच आहे. कंट्रोल आणि एच दाबून मग टी दाबलं की पाठ समोर येतो. तो नुसता वाचायचा नसतो. मधे मधे खूण केलेल्या ओळी असतात, "आता हे करून बघा" अशा. पाठाचा मजकूरच आपण खोडायचा, बदलायचा, परत आणायचा. वहीतच धडा आणि धड्यावरच गिरवायचं.

दुसरी सोय अशी, की कुठलीही कळ काय करते हे ईमॅक्सलाच विचारता येतं. कंट्रोल-एच, मग के, आणि मग ती कळ दाबायची. ती कळ काय करते याची माहिती समोर येते. त्याच्याही पुढे जाऊन, त्या कामामागे लिहिलेली मूळ सूचनाही उघडून वाचता येते. म्हणजे "हे असं का होतं?" या प्रश्नाला "तुला काय करायचंय?" असं उत्तर मिळत नाही. आपल्यापैकी कितीजणींना लहानपणापासून हेच उत्तर मिळालेलं आहे, ते आठवा.

तिसरी सोय मला सगळ्यात आवडते. मधेच काही कळेनासं झालं, भलतीच कळ दाबली गेली, तर कंट्रोल आणि जी दाबायचं. चालू असलेलं काम थांबतं आणि आपण सुटतो. मजकूर खोडला गेला तर मागे येण्याचीही कळ आहे. नवीन शिकणाऱ्या बाईच्या मनात एकच धास्ती असते, "माझ्या हातून बिघडलं तर?" जिथे मागे येता येतं तिथे हात धीट होतो. गटात नवीन मुलीला वही लिहायला द्यायची तर आधी पेन्सिल द्या, ती याचसाठी.

रॉबर्ट चॅसल नावाच्या गृहस्थांनी ईमॅक्सच्या लिस्पची ओळख करून देणारं एक पुस्तक लिहिलं. ते मुद्दाम अशा लोकांसाठी लिहिलंय जे प्रोग्रॅमर नाहीत, पण आपलं काम आपल्या पद्धतीने व्हावं असं ज्यांना वाटतं. तेही ईमॅक्सबरोबरच मिळतं.

आता खरं तेही सांगते. ईमॅक्स शिकायला सोपं नाही. ते घडलं तेव्हा माऊस सर्रास नव्हता, त्यामुळे बहुतेक सगळं कळींवर चालतं. पुढच्या अक्षरावर जायला कंट्रोल-एफ, खालच्या ओळीवर जायला कंट्रोल-एन, असं. आज मोबाईलवर बोट फिरवायची सवय असलेल्याला पहिले काही दिवस जड जातात. शिवणयंत्रावर पहिल्या आठवड्यात दोरा तुटतो, शिवण वाकडी जाते, तसंच हे. नंतर हात आपोआप चालतो.

या मायेतून काय काय उभं राहिलं त्याची दोन उदाहरणं देते. पहिलं आपल्या महाराष्ट्राशी जोडलेलं आहे.

टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढले. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यांनी पुण्यात गणित शिकलं, मग मुंबईच्या आयआयटीत कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं, आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून १९९४ मध्ये पीएचडी केली. १९९५ मध्ये त्यांनी ईमॅक्सला आवाज दिला. त्या जोडणीचं नाव ईमॅकस्पीक. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर तेव्हाही होती. पण ती जे दिसतं तेवढंच वाचायची. कॅलेंडरवर बोट ठेवलं तर "एक" म्हणायची. एक म्हणजे काय, कुठला महिना, कुठला वार, कळायचं नाही. रामन यांची जोडणी आतल्या कामाशीच जोडलेली असल्याने ती वारासकट पूर्ण तारीख सांगते. वेगवेगळ्या प्रकारचा मजकूर वेगवेगळ्या आवाजात वाचते.

हे त्यांना कसं जमलं? ईमॅक्सच्या प्रत्येक कामाला बाहेरून आपला तुकडा जोडता येतो, मूळ कापडाला कात्री न लावता. रामन यांना कुठल्या कंपनीकडे अर्ज करावा लागला नाही, "आम्हा अंधांसाठी काही करा हो" म्हणून थांबावं लागलं नाही. स्वतःची गरज त्यांनी स्वतः शिवून घेतली, आणि सगळ्यांना देऊन टाकली. आज ती जगभरातले अंध लोक वापरतात.

दुसरं उदाहरण. नेदरलँडमध्ये कार्स्टन डॉमिनिक नावाचे खगोलशास्त्रज्ञ आहेत. म्हणजे ताऱ्यांचा अभ्यास करणारे. त्यांना आपल्या कामाच्या नोंदी नीट ठेवायच्या होत्या. २००३ मध्ये त्यांनी ईमॅक्समध्ये स्वतःसाठी एक सोय केली, तिला ऑर्ग मोड म्हणतात. मथळे, त्याखाली कामं, कुठलं झालं, कुठलं राहिलं, कुठल्या तारखेला करायचं, हे सगळं साध्या मजकुरात. त्यात तक्तेही बनतात. एक उभी रेघ, सभासदाचं नाव, परत उभी रेघ, रक्कम, असं लिहीत जायचं. टॅबची कळ दाबली की रकाने आपोआप सरळ रेषेत येतात. खाली बेरजेचं सूत्र लिहिलं की बारा जणींचे प्रत्येकी दोनशे, एकूण चोवीसशे, ते स्वतः मांडतं. आणि ही फाईल साधा मजकूर असल्यामुळे उद्या ईमॅक्स नसलं तरी कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते. देवनागरीत टाईप करायची सोयही ईमॅक्समध्येच आहे. एका माणसाने स्वतःच्या अडचणीपोटी केलेली ही सोय आज कितीतरी विद्यार्थी, प्राध्यापक, लेखक वापरतात, आणि तिची देखभाल आता दुसरे लोक करतात.

ही माणसं एकत्र कशी राहतात, तेही बघू. तिथेही भांडणं झाली आहेत. १९९० च्या सुमाराला ल्युसिड नावाच्या एका कंपनीला ईमॅक्समध्ये काही बदल तातडीने हवे होते. दोन्हीकडचं जमेना. शेवटी १९९२ मध्ये त्यांनी आपलं वेगळं ईमॅक्स काढलं, त्याचंच पुढे एक्सईमॅक्स झालं. बरीच वर्षं दोन चुली चालल्या. पण परवान्यामुळे कुणी कुणाला घराबाहेर काढू शकलं नाही. दोघांकडेही मूळ ठेवा होता. वापरणाऱ्याला जे आवडेल ते त्याने घेतलं. पुढे एक्सईमॅक्सचं काम थंडावलं, मूळ ईमॅक्स चालू राहिलं. गट फुटतो तेव्हा आपल्याकडे सगळ्यात आधी भांडण कशावर होतं? वही कुणाकडे आणि शिक्का कुणाकडे यावर. तिथे प्रत्येकाकडे वहीची नक्कल होती.

दुसरी बाब संस्थापकाची. २००८ मध्ये स्टॉलमन यांनी ईमॅक्सची देखरेख दुसऱ्या दोघांकडे सोपवली. तेव्हापासून ती जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली आहे. २०१९ मध्ये स्टॉलमन यांच्या काही वक्तव्यांवरून मोठा वाद झाला आणि त्यांना फाउंडेशनचं अध्यक्षपद सोडावं लागलं. २०२१ मध्ये ते संचालक मंडळावर परत आले तेव्हा पुष्कळांनी उघड विरोध केला. त्या वादात कुणाचं काय बरोबर यात मी आज शिरत नाही. मला एवढंच दाखवायचंय, की इतकं होऊनही ईमॅक्सचं काम थांबलं नाही. ज्याने सुरू केलं त्याच्याबद्दल मतभेद झाले तरी काम पुढे नेणारे हात पुष्कळ होते. आपल्या किती गटांना असं म्हणता येईल? अध्यक्षबाई रुसल्या की बैठक नाही. लिहिणारी पोरगी लग्न होऊन सासरी गेली की वही कुणालाच लावता येत नाही.

तिसरी गोष्ट बायकांची. कॉम्प्युटरच्या इतर क्षेत्रांसारख्याच इथेही बायका कमीच आहेत. पण ज्यांच्यामुळे ही मंडळी एकमेकांना धरून आहेत, त्यांत साशा चुआ यांचं नाव घ्यावंच लागतं. मूळच्या फिलिपिन्सच्या, राहायला कॅनडात. जगभरात ईमॅक्सबद्दल कुणी काय नवीन केलं, कुणी काय शिकवलं, ते त्या अनेक वर्षं दर आठवड्याला गोळा करून सगळ्यांपुढे ठेवत आल्या आहेत. ईमॅक्सवाल्यांचं एक ऑनलाइन संमेलन भरतं, त्याच्या आयोजनातही त्या पुढे असतात. तिथल्या भाषणांना खाली अक्षरं लावायचं काम स्वयंसेवक करतात, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही किंवा ज्याचं इंग्रजी कच्चं आहे त्यालाही कळावं. नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. पण कुणाकडे काय आहे ते दुसऱ्यापर्यंत पोचवणं, हेही तितकंच मोठं काम आहे. गटांच्या बैठकांची आठवण करत दारोदार फिरणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

मग आपण यातून काय घ्यायचं? उद्यापासून सगळ्याजणींनी ईमॅक्स शिकावं असं मी म्हणत नाही. ज्या ग्रामसंघाकडे कॉम्प्युटर आहे, एखादी मुलगी बारावी झालेली, हौशी आहे, तिने जरूर बघावं. त्याला पैसे पडत नाहीत, विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालतं, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. बाकीच्यांनी पुढच्या बैठकीत चार गोष्टी ठरावाला घ्या.

एक. आपल्या वहीत माया ठेवा. छापील तक्त्यात बसत नाही अशी कोणती माहिती आपल्याला लागते, ते विचारा. कुणाला आजारपणासाठी कर्ज लागलं, कुणाचा हप्ता कशामुळे चुकला, हे तक्त्यात नसतं, पण गटाला ते माहीत असायला लागतं. त्यासाठी शेवटची दोन पानं आपल्या रकान्यांची करा.

दोन. वही लिहिणारी एकच नको. दर तीन महिन्यांनी शेजारी दुसरी बसवा. आणि लिहिणारीने एका पानावर साध्या मराठीत लिहून ठेवावं, की ही वही कशी लिहायची. तिच्यामागे येणाऱ्या मुलीसाठी.

तीन. एका गटाला युक्ती सुचली तर ती ग्रामसंघाच्या बैठकीत सांगायची. आणि जिने दुसरीकडची युक्ती घेऊन त्यात सुधारणा केली तिने ती परत आणून सांगायची. हा आपला परतफेडीचा नियम.

चार. गटासाठी कुणी मोबाईलचं ॲप किंवा हिशोबाचं सॉफ्टवेअर घेऊन आलं, तर सही करण्याआधी विचारा. आमच्या नोंदी आम्हाला हव्या तेव्हा बाहेर काढता येतील का? आमच्या गरजेप्रमाणे यात बदल करता येईल का? शेजारच्या गटाला आम्ही ते देऊ शकू का? आणि तुमची कंपनी उद्या बंद पडली तर आमच्या वहीचं काय? उत्तर "नाही" आलं म्हणून लगेच परत पाठवलंच पाहिजे असं नाही. कधी कधी दुसरा पर्याय नसतो. पण माया आहे की नाही हे घेतानाच कळलेलं बरं.

हनीवेलच्या त्या सेक्रेटरींची नावं मला माहीत नाहीत. त्यांनी आपल्या कामापुरतं शिकून घेतलं आणि आपलं काम सोपं केलं. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे.

पुढच्या भागात ग्रामसंघाच्या लेखापरीक्षणाबद्दल बोलू. वह्या घेऊनच बसा. नमस्कार.